मदत हवी आहे : तिलापिया-पंगसच्या टाकाऊ भागापासून शेततळ्यासाठी खाद्य

नमस्कार मंडळी,

सिन्नर तालुक्यात आमची दोन शेततळी आहेत. एकात तिलापिया, दुसऱ्यात पंगस. नाशिकची गिऱ्हाइकं मासा साफ करूनच मागतात, म्हणून बांधावरच कापून देतो. मुंडकी, आतडी, कल्ले, खवले, काटे असा वजनाच्या निम्म्याला टेकणारा माल मागे उरतो. तो खड्ड्यात पुरायचा आणि दुसरीकडे पोत्यांनी खाद्य विकत आणायचं, हे माझ्या जिवाला लागतं. मत्स्यपालनात अर्ध्याहून जास्त खर्च खाद्याचाच असतो.

कच्चा माल तळ्यात टाकायचा नाही, हे पक्कं आहे. पाणी सडतं, अमोनिया चढतो, रोगही पसरतो. म्हणून फॉर्मिक आम्लाचं सायलेज, म्हणजे आम्लात मुरवलेला पातळ लगदा, करायचं ठरवलंय. ताजा माल त्याच दिवशी खिमा करून प्लास्टिकच्या पिंपात घ्यायचा, १०० किलोला ३.५ किलो म्हणजे साधारण ३ लिटर तीव्र आम्ल घालून ढवळायचा. ८५ टक्क्यांचं आम्ल मिळालं तर थोडं जास्त लागेल, पण सामू (pH) ४ च्या खाली गेलाच पाहिजे. मग सडवणारे जंतू थांबतात आणि माशाच्या पोटातलीच पाचक द्रव्यं मांस विरघळवतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत पातळ होईल असं वाटतं.

खाद्याचा कागदावरचा हिशेब असा : ३० किलो सायलेज, ४० किलो सोयाबीन डीओसी (तेल काढलेली पेंड), ३० किलो तांदळाचा कोंडा. सायलेजमध्ये तीन चतुर्थांश पाणीच असतं, त्यामुळे वाळल्यावर ८० किलोच्या आसपास उरेल आणि प्रथिनं ३० टक्क्यांच्या वर जातील.

अडचण दोन ठिकाणी आहे. तिलापियाचा माल तिलापियालाच घातला तर चालेल का? आणि पावसाळ्यात हे वाळवायचं कसं? उन्हाळ्यात पत्र्यावर वाळेल, पण जुलैत बुरशी आली तर सगळी मेहनत वाया जाईल. बुरशीचं खाद्य मी माशांना घालणार नाही.

उत्तर १

ताई, पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट 'नको' आहे. तिलापियाला मारणाऱ्या 'तिलापिया लेक' विषाणूची भारतात २०१८ मध्येच नोंद झाली आहे आणि आम्लाने सगळे विषाणू मरतात असं धरून चालू नका. युरोपात पाळलेल्या माशाची प्रथिनं त्याच जातीच्या पाळलेल्या माशाला घालायला बंदी आहे. तिलापियाचा माल पंगसला, पंगसचा तिलापियाला, अशी अदलाबदल करा. पिंपं वेगळी ठेवा, त्यावर नावं रंगवा. शिवाय सायलेज तयार झाल्यावर ८५ अंशांवर २५ मिनिटं तापवा. मेलेले मासे मात्र अजिबात घेऊ नका, ते चुना घालून पुरायचे.

पंगसच्या पोटात चरबी फार. पातळ झाल्यावर वर आलेलं तेल काढून घ्या, नाहीतर खाद्य खवट होतं आणि खवट तेलाने माशाचं यकृत बिघडतं.

आम्ल हाताळताना रबरी हातमोजे, चष्मा, मोकळी हवा. लोखंडी भांडं नको. मुलांना जवळ येऊ देऊ नका.

उत्तर २

पावसाळ्यात वाळवूच नका. सामू ४ च्या खाली राहिला तर झाकलेल्या पिंपात सायलेज महिनोन्महिने टिकतं. तेव्हा साठवा आणि दिवाळीनंतर खाद्य करा. दिंडोरी-पिंपळगावकडे बेदाणे वाळवायच्या शेड असतात, द्राक्षांचा हंगाम नसताना कुणी जागा देतंय का विचारा.

मक्याचं पीठ शिजवून खळीसारखं मिसळा, म्हणजे खाद्याची गोळी पाण्यात लगेच विरघळत नाही. बचत गटाकडचं शेवयांचं यंत्र त्याला पुरतं. ही गोळी बुडते, म्हणून तळाला न टाकता ट्रेमध्ये द्या, उरलेलं दिसतं.

ताई (मूळ प्रश्न)

दोघांचेही मनापासून आभार. पंगसचा माल आजपासून वेगळा ठेवते. आता एकच विचारायचंय : प्रथिनं आणि ओलावा तपासून देणारी प्रयोगशाळा नाशिकमध्ये कुणी वापरली आहे का? नमुना किती आणि कसा द्यायचा?