गावाला घंटागाडी घ्यावी का? सल्ला हवा (निफाड तालुका)

द्राक्षमळा: आमचं गाव 2400 वस्तीचं. पूर्वी घरटी उकिरडा, सगळं तिथंच जिरायचं. आता त्यातच मल्चिंगचा (वाफ्यावर अंथरायचा) प्लास्टिक कागद, गुटख्याच्या पुड्या, पोरांचे डायपर. शेणखत टाकलं की कांद्याचे वाफे चकाकतात! ग्रामसभेत घंटागाडीचा विषय निघालाय. कुणाकडे जमलंय का?

सिन्नरी_पाहुणा: दादा, गाडी सगळ्यात शेवटी. आमच्याकडे आधी गाडीच आली. कचरा टाकायला जागा कुठंय? मग ओढ्याकाठी रिकामी, अन् पावसाळ्यात सगळं खालच्या गावाला पार्सल. आता गाडी पंचायतीमागं उभी आहे, कोंबड्या अंडी घालतात तिच्यात.

ओलं गावाबाहेर न्यायचंच कशाला? निम्मं जनावरं खातात. बाकीच्याला नाडेप टाकी बांधा: 10 बाय 6 बाय 3 फूट, विटांची, भिंतीला भोकं ठेवून. काडीकचरा, शेणकाला, माती असे थर द्यायचे, वरून लिंपायचं. तीन-चार महिन्यांत खत. शेण थोडकंच लागतं.

पैसे म्हणाल तर स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात 5000 पर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपयांपर्यंत धरले होते. म्हणजे तुमच्याएवढ्या गावाला 1 लाख 44 हजारांपर्यंत बसायचे. त्यातले 30 टक्के पंधराव्या वित्त आयोगातून यायचे.

कळवणची_ताई: गांडूळखत करणार असाल तर ताज्या शेणात गांडुळं सोडू नका. आम्ही सोडली. सकाळी बघतो तर निम्मी बेडच्या कडेवर चढलेली, बाकीची मेलेली. शेण गरम असतं हो, पंधरा दिवस थंड होऊ द्या.

सुक्यासाठी आमच्या बचत गटानं दोन डबे वगैरे भानगड केलीच नाही. घरोघरी युरियाची रिकामी गोणी पडवीत खिळ्याला टांगली, पंधरवड्याला गोळा करतो. दुधाच्या पिशव्या धुवून वाळवलेल्या हव्यात, नाहीतर भंगारवाला हात लावत नाही. वेफर्सच्या पुड्या तो तशाही घेत नाही. त्या साठवून तालुक्याच्या प्लास्टिक केंद्रावर, ते सुरू आहे का आधी पंचायत समितीत विचारा.

फवारणीच्या औषधाच्या बाटल्या मात्र या गोणीत नकोत. तीनदा खळखळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचं, बाटलीला भोक पाडून वेगळी ठेवायची. नाहीतर कुणीतरी तेल भरायला नेतं.

द्राक्षमळा: ताई, गोणीचं पटलं. डायपरचं कुणीच बोललं नाही?

कळवणची_ताई: भाऊ, आमच्याकडे अजून उकिरड्यातच जातात. तुम्हाला काही सापडलं तर इथंच लिहा.