साठवण झाली की प्रश्न मिटला?
"बॅटऱ्या पुरेशा बसवल्या की कोळसा लगेच बंद करता येईल" असं म्हटलं जातं, पण ते अर्धंच बरोबर आहे. साठवणूक लागतेच, पण ग्रिड, म्हणजे विजेचं सामाईक जाळं, कोसळतं ते बहुतेक वेळा काही सेकंदांत, आणि तिथे प्रश्न किती युनिट वीज साठवली याचा नसून जडत्वाचा (फिरत्या जड यंत्रांमुळे अचानक बदलात ग्रिडला मिळणाऱ्या आधाराचा) आणि यंत्रांच्या सेटिंगचा असतो.

ऑस्ट्रेलियातल्या साउथ ऑस्ट्रेलिया राज्याचं उदाहरण बघा. २८ सप्टेंबर २०१६ ला वादळात पारेषण मनोरे पडले आणि दोन मिनिटांत व्होल्टेज सहा वेळा खाली गेलं. तेव्हा जवळपास निम्मी वीज वाऱ्याची होती. वारा भरपूर होता, पण बऱ्याच पवनचक्क्यांच्या नियंत्रण-प्रणालीत 'ठरावीक वेळेत इतकेच झटके सोसायचे' अशी मर्यादा घातलेली होती. ती ओलांडताच सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॉट गळाले. ती तूट शेजारच्या व्हिक्टोरियातून भरून निघू लागली, दोन राज्यांना जोडणारी हेवूडची वाहिनी प्रवाह एकदम वाढल्याने ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. अनेकांना हे ठाऊकच नसतं, की चक्क्यांची ती मर्यादा केवळ सेटिंग बदलून वाढवता आली!

जडत्वासाठी मात्र तिथे नवी यंत्रं बसवावी लागली. २०२१ मध्ये तिथे डेव्हनपोर्ट आणि रॉबर्टस्टाउनला प्रत्येकी दोन सिंक्रोनस कंडेन्सर सुरू झाले: इंधन न जाळता ग्रिडच्याच विजेवर फिरणारी जनित्रासारखी यंत्रं, सोबत जड फ्लायव्हील. ग्रिडची फ्रिक्वेन्सी (विजेची दर सेकंदाची आवर्तनं) घसरू लागली की त्या फिरत्या वजनातली ऊर्जा आपोआप ग्रिडमध्ये उतरते. त्यानंतर केवळ ग्रिड स्थिर ठेवण्यासाठी चालू ठेवावे लागणारे गॅसचे संच चारवरून दोनवर आले. कोळसा बंद करण्याची तारीख ठरवताना ही यंत्रं आधी मागवायला हवीत.