बुरशीवरची औषधं उंदरावर तपासायची की गोठ्यात?

परभणीकर (धागाकर्ता):
२०२१ मध्ये म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) साथीत ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाच्या एकेका इंजेक्शनसाठी नातेवाईक कसे वणवण फिरले ते विसरलो नाही. म्हणून नवी औषधं हवीतच. त्यातली बरीचशी बुरशीचं एखादं एन्झाइम बंद पाडणारी आहेत. पण तपासतात कशी? धडधाकट उंदराला सायक्लोफॉस्फामाइड देऊन पांढऱ्या पेशी पाडायच्या, मग नाकातून बुरशीचे बीजाणू सोडायचे आणि कोण किती दिवस टिकतो ते मोजायचं. अरे, आपोआप आजारी पडलेली जनावरं आहेतच की! अमेरिकेत ॲरिझोनात व्हॅली फीव्हर (बुरशीमुळे होणारा फुप्फुसाचा आजार) झालेल्या पाळीव कुत्र्यांना निक्कोमायसिन झेड हे औषध देऊन पाहिलं, बऱ्याच जणांना उतार पडला. ते कायटिन, म्हणजे बुरशीच्या पेशीभिंतीतला पदार्थ, बनवणारं एन्झाइम अडवतं, आणि कायटिन ना कुत्र्याच्या अंगात ना आपल्या. परभणीला, उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथं का नको?

गुरांचा डॉक्टर:
साहेब, त्या कुत्र्यांच्या आधी तेच औषध उंदरांनीच खाल्लं होतं. आणि लुफेन्युरॉनचं काय झालं? पिसवांवरचं औषध, कायटिन होऊ देत नाही, म्हणून कुत्र्या-मांजरांच्या गजकर्णावर दिलं. आधी केवढा गवगवा! नीट तुलना केल्यावर फरक शून्य. गजकर्ण तसंही कालांतराने आपोआप जातं. दवाखान्यातल्या केसवर विसंबलं की असं फसायला होतं. माझ्याकडे गाय येते तोवर तिला गावातच दोन-तीन अँटिबायोटिक टोचून झालेली असतात. उतार कशाने पडला, कोण सांगणार?

शेडवाला, जालना:
शेडमधल्या ओल्या तुसाला बुरशी लागली की कोंबडीची पिल्लं मान ताणून, चोच उघडी टाकून दम घेतात. फाडून बघितलं तर फुप्फुसात बाजरीएवढ्या पिवळ्या गाठी. त्या पिल्लाला महागडी गोळी? तूस बदलायचं, विषय संपला. अन् चाचणीचं औषध दिलेली कोंबडी विकता येईल का? दूध, अंडी फेकायची भरपाई कोण देणार?

फार्मसीवाली, लातूर:
तुम्ही उंदीर-गाय करत बसा. सोयाबीनवर आपण टेब्युकोनॅझोल हे बुरशीनाशक मारतो ना, ते बुरशीचं जे एन्झाइम अडवतं तेच माणसाला देतात ते व्होरिकोनॅझोलही अडवतं. शेतातली ॲस्परजिलस ही बुरशी फवाऱ्याला सरावली की दवाखान्यातल्या गोळीलाही दाद देत नाही, आणि अशी बुरशी भारतातही सापडली आहे. आता ओलोरोफिम हे नवं औषध येऊ घातलंय, तर ओलोरोफिम जे एन्झाइम अडवतं त्याच एन्झाइमवरचं इप्फ्लुफेनोक्विन हे बुरशीनाशक पिकांसाठी आधीच तयार. आधी हे थांबवा, मग उंदरांची दया करा.

परभणीकर:
ताई, मुद्दा बिनतोड, पण धागा वेगळा. डॉक्टर, लुफेन्युरॉनमध्ये चूक गोठ्याची नव्हती, तुलना न करण्याची होती. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडा, निम्म्यांना औषध, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी.

गुरांचा डॉक्टर:
चालेल. फक्त "तुमच्या गाईला कदाचित नुसती खडूची गोळी मिळेल" हे मालकाला तोंडावर सांगायला तुम्ही माझ्यासोबत या.