रूपकात्मक भित्तिचित्राची पूर्वरेखाटने विद्यार्थ्यांना कशी शिकवावीत?

प्रश्न – कलाशिक्षक, रत्नागिरी
आमच्या भागातील एका छोट्या संग्रहालयाच्या जिन्यालगतच्या भिंतीवर समुद्र आणि काळ यांचे रूपकात्मक चित्र माझे विद्यार्थी काढणार आहेत. तयारी म्हणून मी त्यांना बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातील घुमटासाठी अमेरिकी चित्रकार जॉन सिंगर सार्जंट यांनी १९१६ ते १९२१ या काळात केलेली कोळशाची रेखाटने दाखवली. घुमटावर कलांना काळाच्या तडाख्यातून वाचवणारी ग्रीक देवी अथेना आहे, ग्रीक देव अपोलो आहे. रेखाटनांत मात्र हाडामांसाचा माणूस दिसतो आणि मुलांना तोच अधिक भावला. ही रेखाटने निव्वळ तयारी म्हणून शिकवावीत, की स्वतंत्र कलाकृती म्हणून?

उत्तर – मालवण
सर, स्वतंत्र कलाकृती म्हणूनच शिकवावीत, आणि तो माणूस कोण हेही मुलांना जरूर सांगावे. बॉस्टनच्या एका हॉटेलात लिफ्ट चालवणारे टॉमस मॅकेलर हे कृष्णवर्णीय गृहस्थ त्यातील अनेक आकृत्यांसाठी, अगदी काही स्त्री-आकृत्यांसाठीही, सार्जंट यांच्यासमोर उभे राहिले. घुमटावर मात्र त्यांच्या देहातून गोऱ्या ग्रीक देवता साकारल्या आणि त्यांचा चेहरा नाहीसा झाला. सार्जंट यांनी यांपैकी काही रेखाटने १९२१ मध्ये कलासंग्राहक इझाबेला स्टुअर्ट गार्डनर यांना दिली. ती जपली गेली, म्हणूनच गार्डनर संग्रहालयाला २०२० मध्ये मॅकेलर यांना केंद्रस्थानी ठेवून प्रदर्शन भरवता आले. आपल्या समुद्रदेवतेसाठी एखादे रापणकर (रापण जाळे ओढणारे मच्छीमार) काका बसणार असतील, तर त्यांचे रेखाटन त्यांच्या नावासह चित्राशेजारी लावावे, असे मला मनापासून वाटते.

उत्तर – सावंतवाडी
वरील मताशी मी सहमत आहे; भर फक्त कामाच्या बाजूने घालतो. सार्जंट यांनी घुमटाची लहान प्रतिकृती करून त्यात रचना तपासली होती. जिन्यावरचे चित्र खालून आणि तिरपे पाहिले जाते, त्यामुळे मुलांनीही पुठ्ठ्याचा जिना करून पाहावा आणि मगच रेखाटनावर चौकटी आखून ते मोठे करावे. कॅनव्हासवर तैलरंगात रंगवून तो भिंतीला चिकटवण्याची त्यांची पद्धत मात्र आपल्याकडे नको. जांभ्याची भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि चिकटवलेला कॅनव्हास सुटू लागतो. मरीन प्लायवर (ओल सोसणाऱ्या प्लायवुडवर) रंगवून, मागे हवा खेळेल इतके अंतर ठेवून फळ्या बसवाव्यात. कोळशाच्या रेखाटनांवर फिक्सेटिव्ह (कोळसा कागदावर धरून ठेवणारा फवारा) मारावे, ती लॅमिनेट करू नयेत, आणि चौकटीत लावताना काच कागदाला टेकणार नाही याची काळजी घ्यावी, नाहीतर आषाढात बुरशी धरेल.