मदत हवी आहे: जवसाचं तेल लावलेल्या बॅटी चार दिवसांनीही चिकट

टोकदार:
विलो लाकडाच्या 12 क्रिकेट बॅटी आहेत. थिनरचा वास आणि रिकामे डबे दोन्ही नकोत म्हणून पीयू (पॉलियुरेथेन) लॅकर सोडून जवसाच्या तेलावर आलो. चार दिवस झाले तरी पातं चिकटच, स्टिकर बसत नाही. परवा द्यायच्यात. वरून वॉटर-बेस्ड पीयूचा एक हात मारला तर चालेल का? लवकर सांगा.

रंधा:
तेल कच्चं की डबल बॉइल्ड (लवकर सुकणारं)? एका बॅटला किती? जादा तेल पुसलं का?

तिसरी स्लिप:
तेलाच्या भानगडीत पडूच नका. पारदर्शक शीट चिकटवा, विषय संपला.

रंधा:
चिकट तेलावर शीट धरणारच नाही. आणि लॅकर टाळून वर प्लास्टिकच चढवायचं, तर मिळवलं काय?

टोकदार:
कच्चं. लॅकरचे मारतो तसेच ब्रशने तीन हात, बॅटमागे 30 मिलि तरी. पुसायचं असतं? बॅटी भिंतीला टेकवून उभ्या आहेत.

कडमोजे:
2017 पासून क्रिकेटच्या नियमांत बॅटची कड 40 मिमी आणि जाडी 67 मिमीच्या वर चालत नाही. रुंदी 108. मोजून घ्या.

रंधा:
कडमोजे, ते विचारलंय कोणी?
टोकदार, घोळ इथेच आहे. लॅकरचा थर वर बसतो, तेल लाकडात मुरायला हवं. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्यामुळे जाड थरावर साय धरते आणि खालचं ओलंच राहतं. आधी बॅटी आडव्या करा, नाहीतर सगळं तेल उतरून टोमध्ये, म्हणजे बॅटच्या खालच्या टोकात, मुरेल. मग स्क्रॅपरने रेषांच्या दिशेने चिकटा खरवडा. पॉलिश पेपर लगेच भरतो, तो आत्ता नको. उरलेलं टर्पेंटाइनच्या ओलसर फडक्याने पुसा. पंख्याखाली ठेवा, उन्हात नाही, पातं तडकेल. बोट कोरडं निघालं की 220 नंबरचा पॉलिश पेपर मारा. पुढचा हात फडक्याने, बॅटमागे एक चमचा, 15 मिनिटांनी कोरडं पुसून 24 तास थांबा. दांड्याच्या सांध्याला आणि स्टिकरच्या जागी तेल नको. ओल्या तेलावर वॉटर-बेस्ड मारलं तर थर आक्रसून भोकं पडतील. परवाचं विसरा.

हिरवा चिमटा:
टर्पेंटाइनच वापरायचं होतं, तर लॅकरने काय घोडं मारलं होतं?

रंधा:
एकदाच, फडकं ओलसर होईल इतकंच. लॅकरला थिनर दर हाताला लागतं. आणि वॉटर-बेस्डचे ब्रश मोरीत धुतले की पॉलिमर गटारातच जातं, त्याचंही बघा.

टोकदार:
सहा खरवडल्या, खाली कोरडं लाकूड लागलं. टो मात्र अजून ओले आहेत.

काडीपेटी:
पुसलेली फडकी कुठे टाकलीत?

टोकदार:
कोपऱ्यात, भुशाच्या गोणीत. का?

काडीपेटी:
आधी ती बाहेर काढा! जवसाचं तेल सुकताना तापतं. फडकी गोळा करून ठेवली की उष्णता आत कोंडते आणि काडी न लावता पेट घेतात, त्यात भुसा. एकेक सुटं उघड्यावर पसरा, नाहीतर पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवा.

टोकदार:
मधलं फडकं चांगलंच गरम होतं. पसरलीत.

तिसरी स्लिप:
शीटला फडकं लागत नाही.