मदत हवी आहे : प्रवीण कुमार सोबती यांच्या खेळाविषयी जुने मराठी लेखन

नमस्कार. दूरदर्शनवरील 'महाभारत' मालिकेत भीम साकारणारे प्रवीण कुमार सोबती यांच्यावर मी आमच्या गावातील थाळीफेक शिकणाऱ्या मुलांसाठी छोटी पुस्तिका तयार करत आहे. खांद्यावर गदा घेतलेला त्यांचा भीम घरोघरी पोहोचला. मात्र १९६६ आणि १९७० अशा लागोपाठ दोन आशियाई स्पर्धांत, दोन्ही वेळा बँकॉकमध्येच, त्यांनी थाळीफेकीचे सुवर्णपदक जिंकले, १९६६ मध्येच किंग्स्टनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हातोडाफेकीचे रौप्यपदक मिळवले आणि पुढे मेक्सिको व म्युनिक ऑलिंपिकमध्येही भाग घेतला, हे फारच थोड्यांना ठाऊक आहे. मी हे सांगितले तेव्हा एक मुलगा हातातील दोन किलोच्या थाळीकडे कितीतरी वेळ पाहत राहिला.

त्या वर्षांतील मराठी दैनिकांची कात्रणे किंवा क्रीडा मासिकांचे अंक कोणाच्या संग्रही असल्यास कृपया कळवावे. फेकीच्या वर्तुळात उभे असलेल्या प्रवीण कुमार यांचे छायाचित्र मिळाले तर फार उपकार होतील, कारण भीमाच्या वेशातील छायाचित्रे मुबलक आहेत आणि मुलांना मला आधी खेळाडू दाखवायचा आहे. त्यांना मैदानावर प्रत्यक्ष पाहिलेल्या ज्येष्ठांनी आठवणी लिहून पाठवल्यास त्याही आदराने समाविष्ट करीन.