चर्चा: बीफहार्टची ओळख 'ट्राउट मास्क रेप्लिका'पासून करून द्यावी का?

कृष्णाकाठ
सांगलीत आम्ही काही जण रविवारी संध्याकाळी विश्रामबागेत एका मित्राकडे जमतो आणि एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. ऐकताना कुणी बोलायचं नाही, बोलणं नंतर. पुढच्या वेळी कॅप्टन बीफहार्ट ठरलाय, म्हणजे कॅलिफोर्नियाचा गायक आणि संगीतकार डॉन व्हॅन व्लिएट (१९४१–२०१०). सुरुवात कुठून करायची, यावर मात्र दोन तट पडलेत.

माझं मत स्पष्ट आहे. 'ट्राउट मास्क रेप्लिका' (१९६९) आधी लावू नये. २८ तुकड्यांचा दुहेरी अल्बम, 'रोलिंग स्टोन'च्या २००३ च्या यादीत ५८ वा, म्हणून जो तो नवख्याला तोच देतो आणि तिसऱ्या गाण्याला माणूस उठून जातो. मग तो 'सेफ अ‍ॅज मिल्क' (१९६७) कधीच ऐकत नाही, हे मला लागतं. त्यात विशीतल्या राय कूडरची गिटार आहे, मिसिसिपीच्या ब्लूजची पक्की बैठक आहे, 'इलेक्ट्रिसिटी' या गाण्यात थेरेमिन (हात न लावता वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) आहे. आणि ब्लूज गायक हाउलिन वुल्फच्या वळणाचा तो खर्जातला, घासलेला आवाज! हा माणूस कुठल्या मातीतून आला ते आधी कळू दे. मग त्यानं ती माती कशी उकरली ते ऐकू.

तंबोरा_मिरज
मला हे अजिबात पटत नाही. 'सेफ अ‍ॅज मिल्क' आधी ऐकलात तर कान ब्लूजची पट्टी घेऊन बसतो आणि पुढचं सगळं 'बिघडलेला ब्लूज' वाटायला लागतं. 'ट्राउट मास्क' ही बिघडलेली गोष्ट नाही, ती तशीच घडवलेली आहे. आमच्या मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात, तेव्हा कारागीर तारेचा स्वच्छ आवाज मुद्दाम मोडतो, कारण त्या झणझणाटातच स्वर फुलतो. ज्यानं तंबोरा कधी ऐकला नाही त्याला ती खरखर दोष वाटेल. म्हणून त्याला आधी दुसरं वाद्य ऐकवायचं का? तंबोराच ऐकवायचा, आणि भरपूर वेळ ऐकवायचा.

दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ होणारं गाणं रात्र-रात्र ऐकणारी माणसं आहोत आपण. दुहेरी अल्बमला काय घाबरायचं?

ठेका
मी तबला वाजवतो, त्यामुळे माझा कान लयीकडे जातो. पहिल्यांदा ऐकताना प्रत्येकाला वाटतं की पाच जण पाच खोल्यांत बसून वाजवतायत. पण एकच गिटार धरून ठेवा, बाकीचं सोडा. तिचा एक तुकडा आहे, तो फिरून फिरून येतो. मग दुसरी गिटार धरा, तिचाही तुकडा आहे, पण लांबी वेगळी. बास तिसऱ्याच लांबीवर. ही आवर्तनं एकमेकांवरून सरकत जातात, मध्येच कुठेतरी एकत्र येतात आणि सगळे एकदम पुढच्या भागात उडी मारतात. यात आयत्या वेळी सुचलेलं फार कमी आहे. लॉस एंजेलिसच्या वूडलँड हिल्समध्ये बँड एकत्र राहायचा, त्या घरात सुमारे आठ महिने रोज घोटून घेतलेलं आहे, म्हणून तर वीसएक वाद्यरचना एकाच बैठकीत, सहाएक तासांत ध्वनिमुद्रित झाल्या.

तरीही 'ही आपली लयकारीच' असं कुणी म्हणू नये. आपल्याकडे कितीही आड-कुआड केलं तरी सम ठरलेली असते आणि श्रोता तिची वाट बघत असतो. इथे सम आधी सांगितलेलीच नाही. ऐकणाऱ्याला पाय टेकायला जागा नाही, आणि त्रास होतो तो त्याचाच. तो कमी लेखू नका.

निवांत
मी या धाग्यात एकटा पडणार बहुतेक, पण लिहितो. मी हा अल्बम पूर्ण ऐकलाय, पुन्हा पुन्हा ऐकलाय, आणि मला तो आवडत नाही. वाद्यांचं ठेकासाहेब म्हणतात ते मान्य. पण गाण्याचं काय? व्हॅन व्लिएटनं हेडफोन घालायला नकार दिला. स्टुडिओच्या काचेतून झिरपत येईल तेवढ्या आवाजावर तो गायला. म्हणून शब्द एकीकडे, वाद्यं दुसरीकडे. ज्या पोरांनी आठ-आठ महिने एकेक मात्रा जुळवली, त्यांच्या मेहनतीवर हा माणूस अंदाजानं गातो! याला विक्षिप्त प्रतिभा म्हणायचं असेल तर म्हणा, मला तो साथीदारांचा अपमान वाटतो.

आणि त्या घराबद्दल कुणी पुढचं का बोलत नाही? ड्रमवाला जॉन फ्रेंच आणि गिटारवाला बिल हार्कलरोड यांनी नंतर सगळं सांगितलंय. विशीतली पोरं, खायला अपुरं, बाहेर जायची मोकळीक नाही, एकेकाला मध्ये बसवून तासन् तास शब्दांनी झोडपायचं, प्रसंगी मारहाण. व्हॅन व्लिएटला स्वरलिपी येत नव्हती. तो पियानोवर तुकडे वाजवायचा, फ्रेंच ते लिहून घ्यायचा, जुळवायचा, प्रत्येकाला शिकवायचा. आणि मूळ वेष्टणावर फ्रेंचचं नावच नाही.

तंबोरा_मिरज
निवांतदादा, त्रास झाला हे कुणी नाकारत नाही. पण गुरूच्या घरी पाणी भरून, शिव्या खाऊन शिकलेल्यांचं गाणं आपण डोक्यावर घेतोच ना? तिथे कष्टाला तपश्चर्या म्हणतो, इथे लगेच छळ?

गाण्याच्या सुटेपणाबद्दलही एक सांगते. अल्बमचा निर्माता फ्रँक झापा हा व्हॅन व्लिएटचा शाळेपासूनचा मित्र. झापाच्या डोक्यात एखाद्या जमातीचं गाणं त्यांच्या वस्तीवर जाऊन टिपावं, तसा हा अल्बम होता. काही भाग त्या घरातच टिपलेत. हे ध्यानात घेऊन ऐकलं की तो मोकळा सुटलेला आवाज खटकत नाही, तो त्या जागेचा भाग वाटतो.

निवांत
ताई, गुरू आपली विद्या देतो आणि शिष्य ती घेऊन जगात उभा राहतो. इथे विद्येचा अर्धा भार शिष्यांनी उचलला आणि नाव मात्र गुरूचं झालं. शिवाय गुरूचा मार हेसुद्धा मला तपश्चर्येत मोजायचं नाही. आपल्याकडचा असला तरी नाही.

कृष्णाकाठ
निवांतशी मी इथे पूर्ण सहमत. २००३ मध्ये बीफहार्टच्या साथीदारांच्या मॅजिक बँडचे जुने वादक पुन्हा एकत्र आले, व्हॅन व्लिएटशिवाय. गायला जॉन फ्रेंच. तीच गाणी, तशीच अवघड, आणि उभी राहिली. त्या संगीताची वीण किती हातांनी घातली होती, याला आणखी पुरावा कशाला हवा? म्हणूनही मला एका अल्बमची पूजा नको, सगळी वाट ऐकायला हवी. १९७२ चा 'क्लिअर स्पॉट' किती नेटका आहे! १९७४ चे दोन अल्बम गुळगुळीत आणि निर्जीव, ते मी सोडून देईन. मग १९७८ पासून तो परत धारदार होतो, १९८० चा 'डॉक अ‍ॅट द रडार स्टेशन' तर कमालीचा. १९८२ नंतर त्यानं संगीत सोडलं आणि चित्रंच काढली.

ठेका
तुम्हा दोघांच्या भांडणात एक अल्बम राहूनच गेला. 'लिक माय डेकल्स ऑफ, बेबी' (१९७०). रचना 'ट्राउट मास्क'च्याच जातीची, पण निर्मिती व्हॅन व्लिएटची स्वतःची आणि ध्वनी कितीतरी स्वच्छ. गिटार एकच असल्यानं गर्दी कमी. आर्ट ट्रिपचा मरिंबा (लाकडी पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य) लाकडी आणि कोरडा, त्यामुळे प्रत्येक तुकड्याची कड दिसते. जॉन फ्रेंच परत ड्रमवर, आणि या वेळी नावासकट. इंग्लंडमध्ये हा २० व्या क्रमांकापर्यंत चढला होता, म्हणजे साध्या माणसांनी विकत घेतलाच की. नवख्याला मी हाच देईन.

कृष्णाकाठ
रविवारी असं करू. आधी 'इलेक्ट्रिसिटी', मग 'डेकल्स' पूर्ण. ज्याला थांबायचंय तो थांबेल आणि 'ट्राउट मास्क'ची पहिली बाजू ऐकेल. ठेकासाहेब, एखाद्या गाण्यात तीन वाद्यांची आवर्तनं हातावर धरून दाखवाल का?

ठेका
दोन दाखवतो. तिसऱ्यासाठी अजून एक माणूस लागेल.

तंबोरा_मिरज
मी मिरजेहून येते. अट एकच. 'ट्राउट मास्क' लागण्याआधी कुणी त्या घराची गोष्ट सांगायची नाही. कान आधी, चरित्र नंतर.

निवांत
मी येईन, आणि लावण्याआधी फ्रेंचचं नाव घेईन. एवढं तरी सांगणारच.

तंबोरा_मिरज
नाव घ्या. गोष्ट नंतर.